गव्हर्नरचे डोळे

उवांबद्दल लिहायला माणसं लाजतात. थोरामोठ्यांची आत्मचरित्रं काढून बघा. तुरुंग सापडेल, उपास सापडतील, एखादा साप तर नक्कीच सापडेल, पण ऊ? नाव नाही. जणू ही सगळी मंडळी टकली जन्मली आणि टकलीच वाढली. मला लाज नाही. माझ्या डोक्यात उवा होत्या, आणि त्या काही गरीब, कोपऱ्यात बसून राहणाऱ्या उवा नव्हत्या. किहीमच्या थोडं अलीकडे, नारळी-पोफळीत लपलेल्या आमच्या आळीत जेवढ्या पोरी होत्या, त्या सगळ्यांच्या उवा एकत्र केल्या तरी माझ्या एकटीच्या उवांनी त्यांना चीत केलं असतं. माझी मैत्रीण माझ्या डोक्याला कान लावायची आणि म्हणायची, "शकू गो, आत बोर्लीचा बाजार भरलाय!" तिचं आजोळ बोर्ली पंचतनचं, त्यामुळे बाजार म्हटला की तिला तोच आठवायचा. हे मी थोडं वाढवून सांगत असेन. पण पुढं जे सांगणार आहे त्यातलं काही वाढवलेलं नाही. तेवढ्यापुरता माझ्यावर विश्वास ठेवा. त्या वेळी कुणी ठेवला नव्हता.

घर कौलारू. पुढे शेणानं सारवलेली पडवी, मागे विहीर, विहिरीवर रहाट. त्या रहाटाची कुरकुर हाच आमचा रेडिओ. बैल गोल फिरायचा, पोहरे पाणी ओतायचे, आणि पाटातून पाणी माडांच्या आळ्यात जाताना जो आवाज व्हायचा तो ऐकत मी अभ्यास न करता बसायची. मधूनच एखादा नारळ धपकन पडे, की आई आतून ओरडे, "शकूच्या डोक्यात पडला काय?" तिच्या स्वरात काळजी किती आणि आशा किती हे मला कधी कळलं नाही. वडील मुंबईच्या गोदीत कामाला. ते शनिवारी यायचे, जेवायचे, झोपायचे आणि परत जायचे. त्यामुळे घर खऱ्या अर्थानं तिघांचं होतं: आई, माझी यमूआत्या आणि माझा आवाज. थंडीच्या दिवसांत वालाचं बिरडं शिजायचं, त्याचा वास थेट रस्त्यावर जायचा. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि आमच्या अलिबागकडचा पांढरा कांदा, जो मी सफरचंदासारखा दातानं तोडून खायची आणि मग मुद्दाम लोकांच्या तोंडाजवळ जाऊन बोलायची.

यमूआत्या वडिलांहून मोठी. लग्न झालेलं नव्हतं. तिचा डावा डोळा शहाळ्यातल्या मलईसारखा पांढरा होता, आणि त्या बाजूनं ती पदर जरा पुढे ओढून घ्यायची. पाहुणे आले की ती स्वयंपाकघराच्या बाहेर येत नसे. कुणी विचारलंच तर घरातलं प्रत्येक माणूस एकाच सुरात सांगे, "लहानपणी देवी आल्या होत्या." मीही सांगायची. तिच्या गालावर देवीचा एकसुद्धा वण नव्हता, गुळगुळीत चेहरा होता, पण घरात सांगितलेली गोष्ट कोण तपासून बघतं? मी तर आणखी भर घालून सांगायची की देवी स्वतः येऊन तिच्या उशाशी बसली होती आणि जाताना डोळा दक्षिणा म्हणून घेऊन गेली.

उवांचा बंदोबस्त आत्याकडे होता. सीताफळं संपली की त्यांच्या बिया कौलांवर वाळायच्या, मग खलात कुटून त्यांची पूड, पूड खोबरेलात, आणि एका दुपारी आळीतल्या पोरी आमच्या पडवीवर रांगेत. आत्या हे काम असं करायची की जणू तोफेत दारू भरतेय. आधी ओलं फडकं डोळ्यांवर, त्याला दोन गाठी, मग तोंडात गुळाचा खडा, कारण तोंड बंद असलं की पोरगी हलत नाही. "खडा विरघळंपातुर मान हलवलीस तर बघ," ती सांगे. बाकीच्या पोरी गूळ चोखत गप्प बसत. मी खडा कडाकडा चावून गिळायची आणि बोलायला लागायची, आणि आत्या माझी मान आपल्या दोन गुडघ्यांत अशी आवळायची की मला नारळ सोलताना नारळाला काय वाटत असेल ते कळायचं. धुऊन झाल्यावर ती प्रत्येकीचे डोळे स्वतः उघडून बघायची, एकेक पापणी वर करून. एवढं कशाला, असं मला वाटे. घरोघर सगळ्याच बाया फडकं बांधायच्या. ती बी डोळ्यात गेली तर डोळा जातो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि आता बापूकाका. हा आत्याचा धाकटा भाऊ, वडिलांच्याही पाठचा, घरातला पहिला पदवीधर. मुंबईत रसायनशास्त्र शिकला, एका साबणाच्या कारखान्यात काही काळ चिकटला, तिथल्या साहेबाशी भांडला, आणि एक दिवस ट्रंकभर काचेच्या नळ्या घेऊन घरी परत आला. इंग्रज जाऊन फार वर्षं झालेली नव्हती. जो तो काहीतरी स्वदेशी काढायच्या मागे होता. काकानं उवांचं तेल काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'निरुवा'. तेल म्हणजे आत्याचंच, सीताफळाच्या बियांचं; फक्त ते नळीतून गाळलेलं, त्यात केवड्याचा वास आणि हिरवा रंग. मसजीद बंदराकडचा एक शेठ बाटल्या घ्यायला तयार झाला, पण त्याची एक अट होती. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की विलायतेत असला माल आधी सशाच्या डोळ्यात घालून बघतात. "आपल्या बाटलीवर पण सशाचा फोटो पाहिजे," शेठनं सांगितलं, "आणि खाली लिवायचं, सशाच्या डोळ्याला पण काय नाय होत. मग बघा कसा माल जातो!"

म्हणून काका मुंबईहून रेवसच्या लाँचनं दोन ससे घेऊन आला. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. मोठा होता तो इतक्या रुबाबात टोपलीतून बाहेर बघत होता की मी त्याचं नाव तिथल्या तिथे 'गव्हर्नर' ठेवलं, आणि धाकटी ती 'गव्हर्नरीणबाई'. मासळी विकणारी हिरूबाय पाटी डोक्यावरून उतरवता उतरवता थबकली.

"काय गो वैनी," ती आईला म्हणाली, "ससं कदी कापताव? मना बी वाटा ठेव."

"ते खायला नाहीत, हिरूबाय," काका पडवीवरून बोलला. "विज्ञानासाठी आहेत."

"असं व्हय? मग इज्ञानाला कांदं-खोबरं कोन वाटनार?"

आई हसत सुटली. मीही हसले. हिरूबायचा रस्सा पत्करला असता, असं म्हणायची पाळी लवकरच येणार आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आठवडाभर माझ्यासारखी सुखी मुलगी रायगडच्या किनाऱ्यावर नव्हती. मी गव्हर्नरला हरळी आणि माठाचा पाला घालायची. तो माझ्या परकराचा काठ खायचा. माणसाळलेला इतका की मी शाळेतून आले की मागचे पाय फळीवर आपटून सलामी द्यायचा. शाळेत मी सांगितलं की तो मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. मग एका सकाळी मी विहिरीवरून आले तर काकानं चहाच्या खोक्याला भोक पाडून एक पेटी केली होती. गव्हर्नरचं अंग पेटीत, मान तेवढी बाहेर, गळ्याभोवती फळी. काकानं एका हातानं त्याची पापणी खाली ओढली आणि दुसऱ्या हातानं काचेच्या नळीतून हिरवा थेंब आत सोडला.

ससा सहजी ओरडत नाही. हे मला तेव्हा कळलं. कुत्र्यानं गाव डोक्यावर घेतलं असतं, मांजरानं काकाचा हात फाडला असता. तो फक्त मागचे पाय आपटत राहिला. पेटीच्या आतून, लाकडावर. धप. धप. धप. तीच सलामी. माणसाच्या डोळ्यात काही गेलं तर तो हातानं चोळतो, पाण्याकडे धावतो, आईच्या नावानं बोंब मारतो. त्याचे हात पेटीत होते आणि आई कुठल्या बाजारात राहिली होती कोण जाणे. दोन दिवसांत डोळा सुजून बंद झाला, उघडला तेव्हा त्यावर साय होती.

"काका, त्याचा डोळा गेला," मी म्हणाले.

"गेला नाही. दाह झालाय. प्रमाण जास्त झालं. आता पातळ करतो."

"पण सीताफळाची बी डोळ्यात गेली की डोळा जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. हिरूबायला ठाऊक आहे!"

"ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, शकुंतले."

"मग किती वेळा सिद्ध करणार?"

"शेठचं समाधान होईपर्यंत." मग मास्तरांसारखा आवाज काढून, "कुणीतरी आधी सोसायचं असतं, तेव्हा जगाचं भलं होतं."

"मग तू सोस की! तुला पण दोन डोळे आहेत!"

तुम्हीवरून मी तूवर आले होते, त्याबद्दल थोबाडीत बसली. डोळ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आई चुलीशी होती. तिनं मान वळवली. ती काही बाजू घेण्यासारखी नव्हती, दीर शिकलेला आणि पहिल्यांदाच काही करू बघणारा. आत्या दाराच्या आड उभी होती. ती पदर पुढे ओढून आत गेली. तिचा मला तेव्हा सगळ्यात जास्त राग आला, कारण ती काकाची थोरली बहीण. तिनं एक हाक मारली असती तर काकाचा हात थांबला असता.

काकानं तेल पातळ केलं. गव्हर्नरच्या दुसऱ्या डोळ्यात घातलं. तो डोळाही गेला, फक्त जरा सावकाश. आणि गंमत बघा, गंमत कसली, संताप बघा: त्या पातळ तेलानं माझ्या डोक्यातली एकही ऊ मेली नाही. उलट केवड्याच्या वासानं त्या इतक्या खूश झाल्या की बाहेरून पाहुण्या बोलावल्या असाव्यात. म्हणजे जे तेल उवा मारी ते डोळे खाई, आणि जे उवा मारीनासं झालं तेही डोळे खायचंच. कुणाही शहाण्या माणसानं इथं हात जोडले असते. काका म्हणाला, एक ससा शिल्लक आहे. रविवारी शेठ स्वतः येणार होता, गव्हर्नरीणबाईचा प्रयोग डोळ्यांनी बघायला.

शनिवारी मी गव्हर्नरीणबाईला उचलून भाताच्या कणगीत लपवलं आणि काकाला सांगितलं की कोल्ह्यानं नेली. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण माझ्या जिभेला थांबणं शिकवलेलंच नव्हतं. मी सांगितलं की कोल्हा कुंपणावरून आला, लंगडत होता, त्यानं आधी गव्हर्नरला हुंगलं आणि आंधळा माल नको म्हणून मान हलवली, मग गव्हर्नरीणबाईला धरलं, आणि जाताना माझ्याकडे बघून शेपटी— इथवर आले आणि कणगीतून आवाज आला. धप. काकानं झाकण उचललं. "कोल्हा भात पण खातो काय?" एवढंच म्हणाला आणि तिला कान धरून घेऊन गेला. मी तिच्यापायी रडले ती गोष्ट वेगळी; पण त्या दिवशी मला कळलं की ज्या पोरीचं आयुष्यात कुणी खरं मानलं नाही, तिनं खरं कितीही ओरडून सांगितलं तरी ते नाटकच ठरतं.

इथं जरा थांबते. माझी नात तळोज्याच्या बाजूला एका प्रयोगशाळेत काम करते. तिनं मला परवा सांगितलं की आता माणसाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात, बोटाच्या नखाएवढी कातडी तयार करतात, डोळ्याच्या पडद्यासारखा पडदासुद्धा करतात आणि औषध त्याच्यावर घालून बघतात. आणि त्याच्याही आधी म्हणे, या वस्तूबद्दल माणसांना पूर्वीच काय ठाऊक आहे, कुणाला कधी काय झालं होतं, ते सगळं गोळा करून वाचतात. "ज्याचं उत्तर आधीच आहे त्यासाठी जनावराला हात लावायचा नाही, आजी." मोठ्या अभिमानानं सांगत होती. मी तिला म्हटलं, बाई, बशीतली कातडी करायला अक्कल लागते, मान्य. त्याला वेळ लागला असेल. पण आधी विचारून घ्यायला कुठली बशी लागत होती? तोंड तर सगळ्यांना पहिल्यापासून होतं! ती म्हणाली, "आजी, ओरडू नकोस, बीपी वाढेल." वाढू दे.

रविवारी शेठ आला. वडील त्या आठवड्यात गोदीत अडकल्यामुळे आलेच नव्हते. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. आईनं पोपटी लावली होती: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा आणि बटाटे, वरून पेंढ्याचा जाळ. शेठला आवडली. "भाभी, हा तर फर्स्ट क्लास," असं म्हणत तो शेंगा सोलत होता आणि सालं पडवीवर टाकत होता. काकानं पेटी आणून त्याच्या खुर्चीसमोर ठेवली. गव्हर्नरीणबाईची मान बाहेर, नाक थरथरत होतं. गव्हर्नर कोपऱ्यात भिंतीला अंग लावून बसला होता. त्याला पोत्याखाली झाकायचं काकाला सुचलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता, ते देव जाणे.

"तो मोठा असा का बसला हाय?" शेठनं विचारलं.

"त्याला सर्दी झालीय," काका म्हणाला. खोटं बोलण्यात मी घरात पहिली होते, पण त्या दिवशी माझा नंबर गेला.

काकानं नळी भरली तशी मी उडी मारून पेटीसमोर बसले आणि मान वर केली. "माझ्या डोळ्यात घाला! उवा मला आहेत, तिला नाहीत! शेठ, तो मोठा आंधळा आहे, दोन्ही डोळ्यांनी, याच तेलानं!"

शेठ हसला. "छोकरी नाटकात काम करते काय?"

"ती असंच बोलते," काका म्हणाला. "काल कोल्हा आणला होता." त्यानं माझा दंड धरून मला बाजूला केलं, आणि मी एवढी जाडजूड मुलगी, पण बाजूला झाले. त्यानं पापणीला बोट लावलं.

"बापू, थांब."

आत्या दारात उभी होती. पाहुण्यासमोर आलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. ती पडवीवर आली, पेटीपाशी बसली आणि गव्हर्नरीणबाईच्या तोंडावर आपला पंजा ठेवला, दोन्ही डोळे झाकतील असा. मग दुसऱ्या हातानं तिनं कपाळावरचा पदर मागे सारला.

"शेठ, हिकडं बघा. काय दिसतं?"

शेठ गडबडला. "अरे बेन, ते... माता आली होती ना?"

"देवी न्हाय आल्या. सीताफळाची बी."

काका म्हणाला, "आक्का, आत जा." आवाज अगदी बारीक झाला होता.

"कशाला जाऊ? इतकी वर्सं आतच हाय मी." ती शेठकडेच बघत होती. "आठ वर्सांची व्हते. आई डोक्याला लावत व्हती. चुलीवर भात उतू चालला, ती उठली, फडकं बांधायचं र्‍हायलं. तेल डोळ्यात आलं. ह्यो बापू माज्या शेजारी बसला व्हता, गूळ खात. विचारा त्याला."

शेठनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आईला गावानं नावं ठेवू नयेत म्हणून देवी सांगितल्या. मी बी म्हटलं, सांगा. आईनं मायेनंच लावलं व्हतं. पण आई गेली, बापू. कवाच गेली. तिला आता कोण काय बोलनार हाय? आणि तू तिचं नाव राखायला मुंबईवरनं ससं आनलंस? घरात एक डोळा दाखवायला ठेवला व्हता, तो न्हाय दिसला?"

मी त्या घरात जन्मले, तिच्या गुडघ्यांत मान देऊन वाढले, आणि मला हे माहीत नव्हतं. पण काकाला माहीत होतं! जो थेंब तो नळीत मोजत होता, त्याचं काय होतं हे त्यानं पाच वर्षांचा असताना शेजारी बसून बघितलं होतं. घराची अब्रू म्हणून जे बोलायचं नाही, ते सशाकडून वदवून घ्यायला निघाला होता. आणि आम्ही सगळे, मी धरून, देवी आल्या होत्या म्हणून गावभर सांगत फिरत होतो. माझ्या सगळ्या थापा एका पारड्यात घातल्या तरी घराची ही एक थाप जड होती, आणि तिच्याबद्दल कुणी कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती.

शेठ व्यापारी माणूस. त्यानं घसा साफ केला. "बेन, तमारी वात साची. पण काय हाय, बाईचा डोळा बाटलीवर छापला तर गिऱ्हाईक भिणार. ससा पाहिजे. ससा चांगला दिसतो."

"मग सशालाच विका तेल," आत्या म्हणाली. "त्याला उवा झाल्यात काय?"

आई आत फिस्सकन हसली, मग घाबरून तिनं तोंडावर हात ठेवला. शेठ मात्र काकाकडे वळला. "बापूभाय, माझी लाँच चुकेल. करता की नाय?"

काकाच्या हातात नळी. खाली आत्याचा पंजा, पंजाखाली गव्हर्नरीणबाई. "घाल," आत्या म्हणाली. "हातावर पडंल. न्हायतर हा माजा दुसरा हाय, ह्यात घाल. शिद्ध कर." आणि तिनं तोंड वर केलं, मी केलं होतं तसंच, पण मी नाटकातली पोरगी होते आणि ती नव्हती.

नळीच्या टोकाशी थेंब जमला, लांबला आणि काकाच्याच पायावर पडला. त्यानं नळी खिडकीत ठेवली. गुडघ्यावर बसून पेटीची फळी उचलली. गव्हर्नरीणबाई बाहेर पडली ती थेट शेठच्या धोतराच्या घोळात, आणि शेठ असा उडाला की पोपटीचं मडकं, छत्री आणि खुर्ची तिन्ही तीन दिशांना गेली. छत्री माडावर अडकली असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. अडकली नव्हती. पण शेठ गेला तो परत आला नाही, हे खरं.

'निरुवा' तेल कधी निघालं नाही. काका काही दिवस खोलीत बसून राहिला. आत्या मात्र बदलली. पदर मागे सारला तो सारलाच. आळीत गोष्ट पसरली, आणि मग काय व्हावं? हिरूबाय एका सकाळी पाटी उतरवून पडवीवर बसली आणि म्हणाली, "यमूबाय, माजे भयनीचा डोला बी असाच गेला. आमी पन देवीच सांगतो." मग सुताराची सून आली. मग किहीमकडची एक म्हातारी. ज्या ज्या घरात देवी येऊन एकच डोळा नेऊन गेल्या होत्या, त्या घरांतून बाया यायला लागल्या आणि खालच्या आवाजात खरं सांगायला लागल्या. काका आधी खिडकीतून ऐकायचा. मग एक दिवस बाहेर आला आणि हिरूबायला विचारू लागला: पूड ओली होती की कोरडी? किती वेळानं धुतलं? कशानं धुतलं? ती सांगत होती. तिला सगळं आठवत होतं. त्याला हवं होतं ते सगळं त्या पडवीवरच्या बायांपाशी होतं, आणि तो एका चहाच्या खोक्याला भोकं पाडत बसला होता! अजून आठवलं की माझ्या हाताला मारायला काहीतरी लागतं.

गव्हर्नर त्यानंतर बरीच वर्षं जगला. माझ्या आवाजावर यायचा. भिंतीला मिशा घासत, वळण बरोबर घेत, यायचा आणि परकराचा काठ शोधायचा. आत्याच्या मांडीवर झोपायचा. काका त्याच्यासाठी रोज स्वतः पाला तोडून आणायचा, हात राखेनं घासायचा, लिंबानं घासायचा, हुंगून बघायचा, परत घासायचा, आणि मग उकिडवा बसून पाला पुढे करायचा. गव्हर्नरचं नाक थोडं पुढे यायचं. मग धप, आणि तो मागे सरून कोपऱ्यात. रोज. पाला जमिनीवर टाकून काका निघून गेला की मग खायचा.

एकदा आई तांदूळ निवडत हे बघत होती. काका विहिरीकडे गेला तशी ती मला म्हणाली, "बिचारा. किती दिवस राग धरून बसशील गो? माफ कर आता तुझ्या काकाला."

"मी कोण माफ करणार?" मी म्हणाले. "माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत." आणि कोपऱ्याकडे बोट केलं. "त्याला विचार."